चौकटीबाहेरचा हात

चार सेकंदांसाठी माझा अख्खा रविवार गेला.

टेबलावर न वाळणाऱ्या मातीचा, बोटभर उंचीचा एक प्राणी उभा होता. पोटात तांब्याची तार, डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी, पापण्या म्हणून त्याच मातीच्या नखाएवढ्या चकत्या. समोर पुस्तकांच्या चळतीला रबरबँडनं बांधलेला मोबाइल. मी स्टॉप-मोशन करून बघत होते: बाहुला केसभर हलवायचा, फोटो काढायचा, पुन्हा हलवायचा, आणि शेवटी ते फोटो भराभर चालवायचे. त्या प्राण्याला फार काही करायचं नव्हतं. मान वर करायची, माझ्याकडे बघायचं, एकदा डोळे मिटून उघडायचे आणि पुन्हा मान खाली घालायची. सेकंदाला १२ फोटो धरले तर चार सेकंदांचे ४८. तासाभराचं काम, असं मला सकाळी वाटलं होतं.

नवव्या फोटोला तो तोंडावर आपटला. त्याचे पाय टेबलाला कशानंच धरलेले नव्हते, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला विसाव्या फोटोपर्यंत मजल गेली आणि खिडकीतल्या उन्हावर ढग आला. फोटो एकापाठोपाठ चालवून पाहिले तर खोलीत विजा चमकत असल्यासारखं दिसत होतं. पडदे ओढले, दिवा लावला. तरी उजेड थरथरतच होता. बऱ्याच वेळानं उमगलं, की ती थरथर माझ्या पांढऱ्या शर्टाची आहे. मी किती वाकते, किती जवळ उभी राहते, त्यावर त्या प्राण्याच्या गालावरचा उजेड ठरत होता. या कामातली मुरलेली माणसं सेटवर काळे कपडे घालतात हे मी नंतर वाचलं. ज्ञान नेहमीप्रमाणे उशिराच पोचलं.

अंधार पडता पडता ४८ फोटो सलग चालवले. प्राण्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि मी दचकले. दिवसभर ज्याची मान मी सुईच्या टोकानं हलवत होते, ज्याचे डोळे मीच चिकटवले होते, त्यानं नुसतं बघितल्यावर मी दचकावं म्हणजे जरा अतीच झालं. पण त्यानं डोळे मिटले तेव्हा मी हालचाल न करता बसून राहिले होते. खिडकीत पाखरू येऊन बसलं की आपण बसतो तशी.

हा उद्योग सुचला तो भाच्याशी झालेल्या भांडणातून. भाचा दहा वर्षांचा. त्याला मी ‘बॅलन्स’ हा जर्मन लघुपट दाखवला होता. वोल्फगांग आणि ख्रिस्तोफ लाउएनश्टाइन या भावांनी १९८९ साली केलेला, जेमतेम सात-आठ मिनिटांचा. अधांतरी तरंगणारा एक सपाट चौकोनी तक्ता, त्यावर लांब कोट घातलेले, एकमेकांसारखे दिसणारे पाच बाहुले. एक जण कडेला सरकला की तक्ता तिकडे कलतो, म्हणून उरलेल्यांनी उलट दिशेला सरकायचं. नाहीतर सगळेच खाली. कोटातून गळ काढून ते काठाबाहेर टाकतात आणि एकाच्या गळाला जड पेटी लागते. पेटीतून संगीत येतं. ती प्रत्येकाला जवळून बघायची असते, आणि प्रत्येक पावलागणिक तक्ता हिंदकळतो. मग ढकलाढकली. शेवटी एकच उरतो. तो एका टोकाला, पेटी दुसऱ्या टोकाला. त्यानं पाऊल उचललं तर पेटी गेली, कदाचित तोही गेला. सिनेमा तिथंच संपतो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्द नाही.

मी मोठ्या माणसाच्या थाटात म्हणाले, “बघ, एवढी हाव केली आणि हाती काय लागलं?”

“तो हरला नाहीये,” भाचा म्हणाला. “विचार करतोय.”

“कशावरून?”

“रडायचं असतं तर खाली बसला असता ना. उभा आहे म्हणजे विचार करतोय.”

“आणि विचार करून काय करणार?”

“मावशी, त्याला पेटी नकोच होती. गाणं हवं होतं. गाणं लांबूनही ऐकू येतं.”

पेटी वाजवायची कुणी, हा माझा मुद्दा त्यानं साफ उडवून लावला. आम्ही तो सिनेमा लागोपाठ तीनदा पाहिला. दर वेळी त्याचा बाहुला विचार करत होता आणि माझा फसला होता. त्या बाहुल्याच्या तोंडी शेवटी एक वाक्य जरी असतं तरी आमचं भांडण मिटलं असतं. सिनेमाही तिथंच मिटला असता.

या भांडणाला एक जुना वैज्ञानिक भाऊबंद आहे. १९४४ साली फ्रिट्झ हायडर आणि मरियाने झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी एक छोटी फिल्म विद्यार्थिनींना दाखवली. फिल्ममध्ये एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक छोटी चकती आणि दारासारखी उघडणारी बाजू असलेला एक आयत. बस. आकार इकडून तिकडे सरकतात, दार उघडतं, मिटतं. ३४ जणींना विचारलं, काय पाहिलंत ते लिहा. भूमितीच्या भाषेत वर्णन लिहिणारी त्यांत एकच निघाली. बाकीच्यांना तिथं जिवंत पात्रं दिसली: मोठा त्रिकोण दांडगट, चकती घाबरलेली, छोटा त्रिकोण तिला वाचवणारा. चेहरा नाही, हात नाहीत, आवाज नाही, तरी कुणी कुणाचा पाठलाग करतंय आणि कुणी लपतंय हे त्यांना स्पष्ट दिसलं.

मला त्या प्रयोगातली सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र निष्कर्षात नाही, कृतीत आहे. ती फिल्म तयार कशी केली? पुठ्ठ्याचे आकार काचेवर ठेवायचे, एक चित्र टिपायचं, आकार किंचित सरकवायचे, पुन्हा टिपायचं. म्हणजे माणूस निर्जीव आकारांत जीव कसा बघतो याचा गाजलेला प्रयोग हा स्वतःच एक शब्दहीन स्टॉप-मोशन लघुपट आहे. चकतीच्या भीतीचा उगम शोधत गेलं तर काचेवर वाकलेलं एक माणूस सापडतं, तिला कणाकणानं सरकवणारं.

सांगायचं आहे ते या माणसाबद्दल. त्याच्या हाताबद्दल.

सिनेमाची फीत सेकंदाला २४ चित्रं दाखवते. स्टॉप-मोशनमध्ये बरेचदा एकच स्थिती दोन चित्रांपुरती ठेवतात, म्हणजे सेकंदाला १२ स्थित्या. पाच मिनिटांच्या लघुपटाला ३,६०० वेळा कुणीतरी सेटवर जायचं, बाहुलीचं कोपर, बोट, बुबुळ केसभर हलवायचं, मागं यायचं, बटण दाबायचं. यातली गंमत अशी, की हात सगळ्या सिनेमाभर असतो, फक्त कॅमेऱ्याची पापणी मिटलेली असताना. दर दोन चित्रांच्या मधल्या फटीत तो येतो आणि जातो. पडद्यावर येतात ती त्याच्या गैरहजेरीची चित्रं.

आणि त्या फटी कोण भरतं? आपण. १९१२ साली माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं हे तपासून मांडलं. एक रेघ दाखवायची, ती घालवून थोड्या अंतरावर दुसरी दाखवायची. मधला वेळ नेमका जुळला, सेकंदाच्या साधारण सोळाव्या-सतराव्या भागाइतका, की बघणाऱ्याला दोन रेघा दिसतच नाहीत. एकच रेघ इथून तिथं गेलेली दिसते. प्रत्यक्षात काहीच गेलेलं नसतं. ती हालचाल जगात कुठंही नसते, ती बघणाऱ्यापाशी असते.

१९१२ हे साल या विषयात पुन्हा पुन्हा भेटतं. त्याच वर्षी व्लादिस्लाव स्तारेविचचा, भुंगेरे आणि टोळ यांच्या संसारातल्या भानगडींवरचा ‘कॅमेरामॅनचा सूड’ हा लघुपट आला. स्तारेविच मुळात कीटकांचा शौकीन. त्याला शिंगवाल्या भुंगेऱ्यांची झुंज चित्रित करायची होती, पण हे प्राणी निशाचर. दिवे लागले की गप्प. मग त्यानं मेलेले भुंगेरे घेतले, त्यांच्या पायांच्या जागी तारा लाखेनं जोडल्या आणि एकेक चित्र टिपत त्यांना झुंजवलं. एका बाजूनं पाहिलं तर हे भयंकर आहे. पण ‘कॅमेरामॅनचा सूड’मध्ये भुंगेरा दार उघडून आत शिरतो तेव्हा आपण त्याच्या बायकोच्या काळजीत असतो.

आणि त्याच १९१२मध्ये दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत ‘अंकुराची वाढ’ टिपली. काटेकोरपणे बोलायचं तर हे स्टॉप-मोशन नव्हे, कारण वेल हाताशिवाय वाढत होता. पण युक्ती तीच: दोन चित्रांच्या मधला काळ काढून टाकायचा आणि बघणाऱ्यावर भरवसा ठेवायचा. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं राहिलं ते हा अंकुर बघून. आपल्याकडच्या सिनेमानं पहिला विश्वास असा मिळवला, हे मला फार आवडतं.

हात लपतो म्हटलं खरं, पण पुरता लपत नाही. १९३३च्या ‘किंग काँग’मधल्या राक्षसी वानराचा बाहुला सशाच्या कातड्यानं मढवलेला होता. त्याला हलवताना बोटं लागायची आणि केस दर चित्रात वेगळे बसायचे. पडद्यावर काँगच्या अंगावरून सतत वारा फिरल्यासारखं दिसतं. ही चूक होती. बघणाऱ्यांनी मात्र तो राग समजला, अंगावरचे केस फुलवणारा. चिकणमातीच्या बाहुल्यांच्या गालांवर ठसे असेच उमटतात आणि खळबळतात. या क्षेत्रातली माणसं त्या खळबळीला ‘बॉइल’ म्हणजे उकळी म्हणतात. आता संगणकावर ती सहज पुसता येते. काही जण पुसतात. मला ते कपाळावरची आठी पुसून काढलेल्या फोटोसारखं वाटतं.

पण एक कलावंत असा निघाला, की त्यानं हा हात सरळ चौकटीत आणून उभा केला. यिर्झी त्रन्का. जन्म, आता आश्चर्य वाटायला नको, १९१२. चेक चित्रकार, मुलांच्या पुस्तकांतल्या चित्रांसाठी नावाजलेला, बाहुल्यांच्या सिनेमांचा उस्ताद. १९६५ साली त्यानं ‘रुका’ केला. चेक भाषेत रुका म्हणजे हात. अठरा मिनिटांच्या आसपास, आणि त्यात संवाद नाहीत.

एक छोटीशी खोली. तिच्यात विदूषकी वेषातला एक कुंभार. त्याच्याकडे एका कुंडीत एक गुलाबाचं रोप आहे आणि त्या रोपासाठी बरीशी कुंडी घडवणं एवढंच त्याचं सुख. मग दार वाजतं आणि खोलीत एक हात येतो. हातमोजा घातलेला, हाडामांसाचा, माणसाचा हात, बाहुल्याहून कितीतरी मोठा. तो चाकावरची ओली माती चेपून तिचा हात करतो. कुंडी नको, माझा पुतळा घडव. कुंभार मान हलवतो, नाही म्हणतो, मातीची पुन्हा कुंडी करतो. हात परत येतो. भेटी आणतो, पैसे आणतो, टीव्ही आणून हातांची थोरवी दाखवतो, जाळीदार मोजा घालून लाडीगोडी लावतो, मग बोट रोखतो. शेवटी कुंभाराच्या अंगाला दोऱ्या बांधतो आणि सोन्याच्या पिंजऱ्यात बसवून त्याच्याकडून प्रचंड दगडी हात कोरून घेतो.

त्या दोऱ्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझ्या घशात काहीतरी अडकलं. एक तर गोष्ट म्हणून. पण त्याहून जास्त यासाठी, की हा बाहुला मुळात कळसूत्री नाही. सिनेमाभर तो दोऱ्यांवाचून चालला, पाणी घालताना वाकला, हसल्यासारखा वाटला. तो मोकळा आहे यावर मी विश्वास ठेवला होता. दोऱ्या बांधल्यावर आठवलं, की अरे, याला तर पहिल्या चित्रापासून कुणाचा तरी हातच हलवतो आहे. फटीतला तो हात आणि पडद्यावरचा हा हात. एक दर वेळी बाजूला होतो म्हणून बाहुला जगतो. दुसरा बाजूला व्हायला तयार नाही.

हे सांगायला त्रन्कानं एकही शब्द वापरला नाही. शब्द असते तर त्याच्या देशातल्या तेव्हाच्या अधिकाऱ्यांना ते खोडता आले असते. पण हाताच्या चित्रातलं काय खोडणार? (अखेर त्यांनी सोपा मार्ग काढला: १९६९ साली त्रन्का वारला आणि त्यानंतर सिनेमावरच बंदी आली.) कुंभार पिंजऱ्यातून निसटतो, घरी येतो, दारं-खिडक्या बंद करून बसतो, आणि त्याचीच कुंडी डोक्यात पडून मरतो. हात त्याला मानसन्मानानं निरोप देतो. मेलेल्या कलावंताबाबत हाताची काहीच तक्रार नसते.

त्या कुंभाराचा चेहरा हलत नाही, हे मला दुसऱ्यांदा बघताना कळलं. पहिल्यांदा मी शपथेवर सांगितलं असतं, की तो घाबरला, हिरमुसला, एकदा तर चिडलाही. त्रन्काच्या बाहुल्यांचे चेहरे असे रंगवलेले असत, की त्यांवर एकच एक भाव ठरत नसे. मान किंचित कलली, उजेड वरून खाली आला, की तोच चेहरा निराळा दिसे. कमी देणं हे त्याचं तंत्र होतं. याच्या अगदी उलट टोकाला ‘मादाम टुटली-पुटली’ हा २००७चा कॅनडातला लघुपट. रात्रीच्या आगगाडीत एक बाई आपला सगळा संसार घेऊन बसते आणि डब्यात भीती शिरते. तिच्या बाहुलीला खऱ्या माणसाचे, चित्रित केलेले डोळे बसवले आहेत. करामत अफाट आहे. त्या डोळ्यांत ओल दिसते, ते बुजतात, नजर चुकवतात. मला तो सिनेमा विसरता येत नाही आणि तरीही, खरं सांगायचं तर, ते डोळे मला जरा जास्त बोलतात. माझ्यासाठी काही ठेवत नाहीत. दोन्हींतून एक निवडायची वेळ आली तर मी त्या मुक्या लाकडी चेहऱ्याकडे जाईन.

‘वॉलेस अँड ग्रोमिट’ या मातीच्या बाहुल्यांच्या ब्रिटिश सिनेमांतल्या ग्रोमिट या कुत्र्याचंही असंच. निक पार्कनं केलेल्या त्यांतल्या पहिल्या, १९८९च्या सिनेमात तो मुळात बोलणार होता. चित्रण सुरू झालं ते एका अवघड प्रसंगापासून, जिथं त्याच्या तोंडापर्यंत हात पोचवणं कठीण होतं. मग पार्कनं नुसती भुवई हलवून पाहिली. भुवईत सगळं आलं. कुत्र्याला तोंड उरलं नाही, आणि सिनेमातला सर्वांत शहाणा प्राणी जन्माला आला. त्याच्या मालकाला बोलता येतं, आणि तो काय बोलतो ते आपण कधीच फार मनावर घेत नाही.

माझ्या मातीच्या प्राण्यावर मी हे सगळं करून पाहिलं, बिचाऱ्यावर. शिकले ते असं. मान वळवताना आधी डोळे वळायला हवेत, मग मान, मग खांदे. तिन्ही एकदम वळले की तो दार होतो, बिजागरीवर फिरणारं. डोळे एका चित्राआधी वळले की वाटतं, त्याला काहीतरी दिसलं, त्यानं ठरवलं, मग वळला. म्हणजे मन म्हणून जे दिसतं ते प्रत्यक्षात एका चित्राचा उशीर आहे. पापणी मिटायची ती वळण्याच्या मध्यावर. आणि थांबायचं तर पूर्ण थांबायचं नाही. बाहुला चित्रामागून चित्र तसूभरही न हलता उभा राहिला तर तो विश्रांती घेत नाही, मरतो. मुरलेले अ‍ॅनिमेटर त्या थांबण्यातही छाती किंचित वर-खाली ठेवतात, बोटाचं टोक सैल सोडतात. मला हे जमलं नाही. माझा प्राणी शेवटच्या सेकंदात वस्तू होतो.

शब्द नाहीत म्हणजे आवाज नाही असं मात्र नव्हे. किंबहुना शब्द गेले की कान मोकळे होतात. हातभर उंचीच्या बाहुल्याला वजन असं कितीसं असणार? पण त्याचं पाऊल पडल्यावर लाकडी जिन्याची करकर ऐकू आली, कोटाच्या कापडाची घसट ऐकू आली, की तो एकदम पुरुषभर जड होतो. हे आवाज कुणीतरी वेगळ्याच खोलीत, वेगळ्याच वस्तूंवर काढलेले असतात. तेही चौकटीबाहेरचेच हात.

संगीताबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शब्दहीन म्हणवणारे कितीतरी लघुपट पियानोकडून संवाद म्हणवून घेतात. बाहुलीनं मान खाली घातली की पियानो लगेच रडायला सांगतो. मग भाच्याचा बाहुला विचार करू शकत नाही. त्याला दुःखी व्हावंच लागतं. सुझी टेम्पलटनच्या २००६च्या ‘पीटर अँड द वुल्फ’नं हा गुंता सुंदर सोडवला आहे. रशियन संगीतकार प्रोकोफिएवची ही रचना १९३६ची, आणि तिच्यात निवेदक आहे, गोष्ट सांगत जाणारा. टेम्पलटननं निवेदकच काढून टाकला. गोष्ट जगजाहीर, संगीत जगजाहीर, आता बघा. शेवटी पीटर पकडलेल्या लांडग्याच्या डोळ्यांत बघतो आणि त्याला सोडून देतो. का, ते सांगायला कुणी नाही. मी त्याची चार कारणं देऊ शकते आणि चारही एकमेकांशी जुळत नाहीत.

अद्भुत गोष्टींना हे माध्यम इतकं का मानवतं, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस उलटसुलट करून पाहिला. संगणकावर समुद्र हुबेहूब उसळवता येतो आणि मला तो बघून गार वाटतं. इथं समुद्र म्हणजे पातळ प्लॅस्टिकचा कागद असतो, धूर म्हणजे कापूस, बर्फ म्हणजे मीठ. ते कळतंही. तरीही होडी बुडायला लागली की श्वास अडकतो. मला वाटतं, यात एक प्रामाणिकपणा आहे. ती वस्तू खरोखर कुठल्या तरी टेबलावर होती, तिच्यावर खऱ्या दिव्याचा उजेड पडला होता, तिची सावली खरी आहे. खोटी आहे ती फक्त हालचाल, आणि ती तर आपणच घातलेली. काठीचा घोडा करणाऱ्या मुलाला काठी दिसत नसते असं थोडंच आहे? त्याला काठीही दिसते आणि घोडाही. मोठेपणी आपल्याला दोन्ही एकदम बघायची संधी फार क्वचित मिळते.

त्यातच ती अडखळती चाल. खरा माणूस पळताना टिपला तर चित्रात त्याचे पाय फिसकटतात, धूसर होतात. बाहुला मात्र प्रत्येक चित्रात निश्चल उभा असतो, म्हणून प्रत्येक चित्र स्वच्छ, आणि म्हणून त्याचं पळणं किंचित ठेचकाळतं. हा दोष घालवण्यासाठी पुढे यंत्रं निघाली, बाहुल्याला चित्र टिपतानाच हलवणारी. चाल सुधारली. पण स्वप्नात आपण पळतो ते त्या जुन्या, ठेचकाळत्या चालीनंच पळतो. निदान मी तरी.

माझे चार सेकंद मी भाच्याला दाखवले. त्यानं ते मोबाइल हातात घेऊन बघितले, मग पुन्हा बघितले.

“हा कशाला घाबरला?”

“घाबरला नाही. नुसते डोळे मिटतोय.”

“नाही ग मावशी. तिकडून काहीतरी आलं, म्हणून मिटले.”

तिकडून काही आलेलं नव्हतं. मी सांगितलं तसं. त्यानं चित्रं एकेक करून मागं नेली आणि एकतिसाव्यावर थांबला. उजव्या कडेला, अगदी टोकाला, गुलाबी रंगाचं काहीतरी होतं. नखाचा अर्धा चंद्र. माझी तर्जनी. बटण दाबायच्या आधी मी ती पुरती मागं घेतली नव्हती. सेकंदाच्या बाराव्या भागापुरती ती पडद्यावर येते आणि जाते. मी संध्याकाळपासून वीसेक वेळा बघितलं होतं आणि मला दिसली नव्हती. त्याला पहिल्या खेपेलाच ‘काहीतरी’ दिसलं होतं, आणि ते त्यानं लगेच गोष्टीत घेतलंही होतं.

ते चित्र काढून पाहिलं. पापणी गचकन मिटली, दार आपटल्यासारखी. परत लावलं.

“आता ते काय होतं ते दाखव,” भाचा म्हणाला. “पुढच्या भागात ते पूर्ण आत आलं पाहिजे.”

म्हणजे आणखी निदान आठ सेकंद. ९६ फोटो. या वेळी पाय टेबलाला खालून स्क्रूनं धरायचे, त्यासाठी टेबलाला भोकं पाडावी लागणार. काळा शर्ट आहे माझ्याकडे. भोकं पाडायला चांगलं टेबल नाही, जे आहे तेच वापरावं लागेल.